बिघाडाचा पत्ता

पारोळ्यातल्या गच्चीवरची दोन फुटी डिश ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो तिथून सुमारे ३६,६०० किलोमीटरवर आहे. जीसॅट-१५ हे त्याचं नाव. नोव्हेंबर २०१५मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून तो एरियन रॉकेटने गेला आणि निकोबार बेटांच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ सेवा त्याच्यावरूनच उतरते. हे सगळं अंतर सिग्नल सेकंदाच्या आठव्या भागात तोडतो आणि सहसा कुठे अडत नाही. अडतो तो शेवटच्या वीस मीटरमध्ये. डिशच्या नटात, वायरच्या टोकात, गच्चीवर पिळून केलेल्या सांध्यात किंवा टीव्हीमागच्या पिनेत.

पडदा काळा झाला की घरात पहिला संशय मात्र टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सवर येतो. बाजारातून नवा बॉक्स येतो, आणि चित्र तरीही येत नाही. मग एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरचा सिग्नल घेणारा भाग, बदलतो, मग डिश हलवली जाते. आधी एकच बिघाड होता, आता दोन होतात, कारण नीट लागलेली डिशही आता भलतीकडे पाहू लागते. या प्रकरणाचं सांगणं एवढंच आहे की प्रत्येक बिघाडाला पत्ता असतो. तो क्रमाने शोधला तर बहुतेक वेळा पैसे लागतात ते एका पिनेचे किंवा काही मीटर वायरचे.

फ्री डिशच्या घरांना हे ज्ञान जास्त गरजेचं आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक भाडं नाही. डिश आणि बॉक्स बाजारातून एकदा घ्यायचा, की झालं. देशभरात अशी घरं चार कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज आहे. भाडं नाही, म्हणून तक्रार नोंदवली की घरी येणारा कंपनीचा माणूसही नाही. बहादरपूर किंवा तामसवाडीच्या घरात चित्र गेलं, तर पारोळ्याहून मेकॅनिक येईपर्यंत थांबायचं, नाहीतर स्वतः पाहायचं. स्वतः पाहणं अवघड नाही. सिग्नलची वाट मात्र माहीत हवी.

सिग्नलची वाट

उपग्रहावरून येणाऱ्या लहरी साधारण ११ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे पावणेतीन सेंटीमीटर लांबीच्या असतात. डिशपर्यंत पोचते ती शक्ती एका वॅटच्या लाख-कोटीव्या भागाच्या घरातली. डिशचं काम एवढंच, की दोन फुटांच्या पत्र्यावर पडलेली ही शक्ती एलएनबीच्या तोंडाशी गोळा करायची. एलएनबी तिला लाखो पट वाढवतो आणि तिची फ्रिक्वेन्सी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो, कारण ११ गिगाहर्ट्झच्या लहरी साध्या वायरीतून फार दूर जात नाहीत. तिथून वायर, वायरीतून बॉक्स, बॉक्समधून टीव्ही.

याच वायरीतून उलट्या दिशेने वीजही जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट बॉक्सच पुरवतो. १३ व्होल्टला एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्या घेतो, १८ व्होल्टला आडव्या. म्हणजे वायरीला दोन कामं आहेत : वर वीज नेणं आणि खाली चित्र आणणं. वायरचं एक टोक बिघडलं की दोन्ही थांबतात, आणि दोष एलएनबीचा असल्यासारखं दिसतं.

ठिबकच्या नळीतून पाणी येईना, की आपल्याकडचा शेतकरी लगेच ड्रिपर बदलत नाही. मोटार, फिल्टर, मेन लाइन, व्हॉल्व्ह, मग लॅटरल, असा एकेक टप्पा पाहत जातो. इथेही तसंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एकच बदलायची आणि बदल केल्यावर पडद्याकडे पाहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर चित्र आलं तरी कशामुळे आलं ते कळत नाही.

मेन्यूचं बटण

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ अशी पाटी दिसते. ती कोणाची, हे आधी ओळखायचं. टीव्ही म्हणतो ‘नो सिग्नल’, तेव्हा त्याचा अर्थ असतो की बॉक्सकडून माझ्यापर्यंत काहीच येत नाही. बॉक्स म्हणतो ‘नो सिग्नल’, तेव्हा अर्थ असतो की डिशकडून माझ्यापर्यंत काही येत नाही. शब्द एकच, पण एक बिघाड टीव्हीच्या मागे आहे आणि दुसरा गच्चीच्या वाटेवर.

ओळखायची खूण सोपी आहे. बॉक्सच्या रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबावं. पडद्यावर बॉक्सचा मेन्यू आला, तर बॉक्स चालू आहे, टीव्हीपर्यंतची वायर ठीक आहे आणि टीव्हीही ठीक आहे. अर्धी वाट एका बटणात तपासून झाली. आता गच्चीकडचा भाग पाहायचा. मेन्यू आला नाही, तर लगेच गच्चीवर जाण्याची गरज नाही, आधी खालचंच तपासावं.

मेन्यू येत नसेल तर पहिला प्रश्न सोर्सचा. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुटचं बटण असतं. लाइट जाऊन आल्यावर, किंवा लहान मुलाच्या हातात रिमोट गेल्यावर टीव्ही दुसऱ्याच इनपुटवर जाऊन बसतो. वायर ‘एचडीएमआय २’मध्ये आणि टीव्ही ‘एचडीएमआय १’वर, एवढ्यावरून मेकॅनिक बोलावले जातात. त्यानंतर पिना. तीन रंगांच्या वायरीत पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. आवाज येतो पण चित्र नाही, तर पिवळी पिन सैल आहे किंवा भलत्या खाचेत आहे. नव्या टीव्हींत पिवळ्या आणि हिरव्या पिनेसाठी बऱ्याचदा एकच खाच असते. अशा वेळी इनपुट चुकीचं निवडलं तर चित्र काळंपांढरं दिसतं. एचडीएमआयची पिन अर्धवट बसली असेल तर चित्र येतं-जातं. दुसऱ्या खाचेत घालून पाहिलं की खाच खराब की वायर, हे लगेच कळतं.

बॉक्सचा दिवाच लागत नसेल तर अडॅप्टर पाहावा. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद कपाटात, गरम बॉक्सला टेकून पडलेल्या अडॅप्टरमधले कपॅसिटर त्या उष्णतेने सुकतात. मग अडॅप्टर १२ व्होल्ट दाखवतो, पण भार आला की खचतो. त्याची खूण ठरलेली : लोगो येतो, पडदा काळा होतो, पुन्हा लोगो येतो, आणि हेच चालू राहतं. अशा वेळी बॉक्स बंद करून मागची डिशची वायर काढावी आणि बॉक्स पुन्हा सुरू करावा. वायरीशिवाय बॉक्स नीट सुरू झाला, तर वर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा अडॅप्टरला एलएनबीचा भार झेपत नाही. वायर काढूनही लोगोचं चक्र थांबलं नाही, तर त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. बॉक्स फेकून देण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

दोन पट्ट्या

मेन्यू दिसला, पण चित्र नाही. आता बॉक्समधलं इन्स्टॉलेशनचं पान उघडावं. बऱ्याच बॉक्सना तिथे ०००० हा पासवर्ड असतो. या पानावर दोन पट्ट्या दिसतात, एक ‘स्ट्रेंग्थ’ची आणि दुसरी ‘क्वालिटी’ची. बहुतेक जण पहिली पाहून थांबतात. खरी बातमी दुसरीत असते.

स्ट्रेंग्थ सांगते की वायरीतून किती शक्ती येते. एलएनबीला वीज मिळाली, की डिश कुठेही तोंड करून असली तरी त्याचा स्वतःचा गोंगाट वायरीतून खाली येतो आणि ही पट्टी भरते. क्वालिटी सांगते की त्या शक्तीत आपल्या उपग्रहाचा, आपल्या फ्रिक्वेन्सीचा, वाचता येण्याजोगा सिग्नल किती आहे.

म्हणून दोन्ही पट्ट्या एकत्र वाचाव्यात. दोन्ही शून्य असतील तर एलएनबीपर्यंत वीज जात नाही किंवा त्याच्याकडून काही परत येत नाही. शोध वायर, पिना आणि एलएनबी यांच्यातच ठेवावा. स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी शून्य, तर वायर बहुधा ठीक आहे. डिश फिरली आहे, आड काही आलं आहे किंवा बॉक्समधली नोंद चुकली आहे. क्वालिटी आहे पण खालीवर होते आणि चित्रात चौकोन चौकोन येतात, तर डिश थोडी सरकली आहे, सांध्यात पाणी शिरलं आहे किंवा डिशचा खांब हलतो आहे.

जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंग्या वाढत गेल्या की बिघाड येतो आहे हे आधीच कळायचं. डिजिटल चित्र तसं सूचना देत नाही. क्वालिटी एका मर्यादेच्या वर असेपर्यंत ते स्वच्छ असतं, मर्यादेखाली गेलं की एकदम जातं. त्यामुळे ‘काल रात्रीपर्यंत एकदम छान चालू होता’ या वाक्यावरून काल सगळं ठीक होतं असं ठरत नाही. क्वालिटी महिनोन्‌महिने घसरत आलेली असू शकते.

नोंदीही इथेच तपासाव्यात. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, म्हणजे ९७५० आणि १०६००, असा असावा. एलएनबीची वीज चालू असावी. फ्री डिशची एक परिचित नोंद ११०९० मेगाहर्ट्झ, ध्रुवण व्ही, म्हणजे उभं, सिम्बॉल रेट २९५०० ही आहे. तिच्यावर क्वालिटी पाहावी.

वायरीचं टोक

डिशच्या वायरीला आरजी-६ म्हणतात. मधोमध एक जाड तार, तिच्याभोवती पांढरा फेस, त्यावर चकचकीत पत्रा, मग बारीक तारांची जाळी आणि वर काळं आवरण. मधल्या तारेतून वीज आणि सिग्नल दोन्ही जातात, जाळी परतीची वाट आहे. चांगल्या आरजी-६ मध्येही १००० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल सिग्नल गळतो. वीस मीटर वायर सहज चालते. घरात पडून होती म्हणून साठ मीटरचं भेंडोळं तसंच लावणं म्हणजे विनाकारण सिग्नल घालवणं आहे.

बिघाडाचं सगळ्यांत आवडतं घर म्हणजे या वायरीचं टोक. दुकानात नुसतं ‘डिशची पिन’ म्हटलं तरी जी मिळते, ती एफ कनेक्टर. ती बसवताना काळं आवरण दीड सेंटीमीटर सोलावं. जाळीच्या तारा मागे दुमडून आवरणावर पसराव्यात. पांढरा फेस पिनेच्या आतल्या काठाशी संपेल असा कापावा आणि मधली तार पिनेच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहील अशी ठेवावी. मग उजेडात धरून पाहावं. जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तारेला टेकली, तरी शॉर्ट होतो. काही बॉक्स ‘एलएनबी शॉर्ट’ अशी पाटी दाखवतात, काही नुसते गप्प होतात. मधली तार आखूड राहिली तर ती सॉकेटपर्यंत पोचत नाही. काळवंडलेली असेल तर धारदार पात्याने हलकेच खरवडावी. पिन हाताने घट्ट करून ११ नंबरच्या पान्ह्याने पाव फेरा द्यावा. त्याहून जास्त जोर दिला तर एलएनबीचं सॉकेट फिरतं आणि आतली जोडणी तुटते.

वायर कमी पडली म्हणून दोन तुकडे पिळून, वर काळी टेप गुंडाळून केलेला सांधा गावोगाव दिसतो. साध्या विजेच्या वायरीला तो चालतो, इथे चालत नाही. अशा सांध्यावरून सिग्नलचा काही भाग मागे परततो, आणि पावसाळ्यात टेपखाली पाणी साचून जाळी हिरवी पडते. शक्य असेल तर अखंड वायर टाकावी. जोड लागलाच तर दोन पिना आणि मधला जोड-कनेक्टर वापरावा, तोही पावसाआड. एलएनबीच्या खाली वायरीला एक वळसा द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं. हा वळसा नसेल तर पाणी वायरीवरून थेट बॉक्सपर्यंत येतं.

मल्टीमीटर असेल तर वायर काही मिनिटांत तपासून होते. बॉक्स बंद करावा. वायर दोन्ही टोकांनी सोडवावी. एका टोकाला मधली तार आणि पिनेचं बाहेरचं धातू यांत मीटर लावावा. काहीच वहन नको. वहन दिसलं तर शॉर्ट आहे. मग दुसऱ्या टोकाला मधली तार आणि बाहेरचं धातू मुद्दाम एकमेकांना जोडावं. आता काही ओहमच दिसायला हवेत. मीटर हलला नाही तर तार कुठेतरी तुटली आहे : खिडकीच्या फटीत चेपलेली, उंदराने कुरतडलेली किंवा खिळ्याखाली दबलेली. हे ठीक निघालं की टोकांची जोडणी सोडवून, वायर फक्त बॉक्सला लावून तो सुरू करावा आणि वरच्या मोकळ्या टोकाला व्होल्ट पाहावेत. १३ किंवा १८च्या आसपास यायला हवेत. एक सावधगिरी : गंजलेला सांधा भार नसताना पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि एलएनबी लावला की खचतो. म्हणून मीटर चांगला आकडा दाखवत असला तरी हिरवी पडलेली पिन बदलावीच.

पाचोऱ्याकडे तोंड

डिश फिरली आहे असं ठरलं, तरच गच्चीवर पान्हा न्यावा. पारोळ्यातून जीसॅट-१५ दिसतो तो उत्तरेपासून उजवीकडे १३७ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५८ अंश उंचीवर. गच्चीवर उभं राहून साधारण पाचोऱ्याच्या दिशेला तोंड केलं की ती दिशा मिळते. शेजारच्या घरची डिश पाहून आपली लावण्याआधी त्यांच्याकडे कोणती सेवा आहे, ते विचारावं. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश रेखांशावर आहे. त्यांची डिश जवळजवळ भडगावच्या दिशेला आणि ६४ अंश उंचीकडे पाहते. त्या डिशची नक्कल करून फ्री डिश कधीच लागणार नाही.

डिश पाहताना डोळा फसतो. या डिशचा एलएनबी मधोमध नसतो, खालच्या कडेला असतो. तिची रचनाच अशी की ती जिथून सिग्नल घेते, त्यापेक्षा तिचं तोंड वीस-पंचवीस अंश खाली वळलेलं दिसतं. त्यामुळे समोरची भिंत आड येते असं वाटतं, आणि ती बहुधा येत नसते. त्या दिशेला १ मीटरवर असलेली भिंत डिशच्या खालच्या कडेपेक्षा दीड मीटर उंच असली तरी चालते. आड येते ती वरून झुकलेली कडुनिंबाची फांदी. चैत्रात कडुनिंबाला नवी पालवी फुटते, आणि हिवाळ्यात चांगलं चालणारं चित्र एप्रिलमध्ये अडखळू लागतं. डिश, वायर, बॉक्स सगळं ठीक, बदललं आहे ते झाड.

आड काय येतं हे सूर्यच दाखवतो. वर्षातून दोनदा, ११ मार्च आणि २ ऑक्टोबरच्या आगेमागे, सूर्य पारोळ्यातून पाहता नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. मार्चात सव्वाअकराच्या सुमारास, ऑक्टोबरात अकराच्या थोडं आधी. त्या काही मिनिटांत सूर्याचाही गोंगाट डिशमध्ये शिरतो आणि चित्र अडखळू शकतं. हा बिघाड नसतो, थोड्या वेळात तो आपोआप जातो. पण त्याच वेळी गच्चीवर जाऊन पाहावं. डिशवर फांदीची सावली असेल, तर तीच फांदी सिग्नलच्या वाटेत आहे. डिशवर पूर्ण ऊन असेल, तर वाट मोकळी आहे. यासाठी कुठलंच उपकरण लागत नाही.

डिश किती नेमकी हवी, याचा हिशेब सोपा आहे. ६० सेंटीमीटरच्या डिशची एक कड १ सेंटीमीटर सरकली की तिची नजर सुमारे एका अंशाने बदलते. ९३.५च्या शेजारी ९१.५ आणि ९५ अंशांवर दुसरे उपग्रह आहेत. म्हणजे कडेच्या दीड-दोन सेंटीमीटरमध्ये आपण शेजारच्या उपग्रहाकडे पाहू लागतो.

आणि गच्चीवर एवढं सरकायला कारणं भरपूर असतात. उन्हाळ्यात इथलं घर गच्चीवर असतं. पापड आणि बिबडे वाळत घालायला तिथेच, झोपायला तिथेच. आखाजीला लेकी माहेरी येतात, पोरंटोरं वर धावतात, कुणी डिशच्या खांबाला दोरी बांधतं, कुणी त्यावर गोधडी वाळत टाकतं. जुन्या धाब्याच्या घरांचा प्रश्न वेगळाच. मातीच्या धाब्यात रोवलेला खांब मे महिन्यात पक्का वाटतो, आणि पहिल्या पावसात माती भिजली की एका बाजूला झुकतो. धाब्यात खांब रोवूच नये. भिंतीला क्लॅम्पने पक्का करावा. तसं जमत नसेल तर रुंद लोखंडी चौकटीवर उभा करून चौकटीवर वजन ठेवावं.

डिश पुन्हा लावण्याचा क्रम असा. आधी खांब ओळंब्याने सरळ करावा. खांब तिरका असेल तर उंचीच्या पट्टीवरचे अंश खोटे ठरतात. नट सैल करण्याआधी खांब आणि क्लॅम्प या दोन्हींवर सलग रेघ मारावी, म्हणजे काही जमलं नाही तर निदान पूर्वीच्या जागी परतता येतं. मग एकच नट सैल करावा. एक माणूस गच्चीवर, एक टीव्हीसमोर, दोघांत फोन. डिश करंगळीच्या जाडीएवढी हलवावी, दोन-तीन सेकंद थांबावं, क्वालिटी विचारावी. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवलेली डिश योग्य जागेवरून पुढे निघून जाते आणि कळतही नाही. क्वालिटी आली की तिथेच थांबू नये. ती डावीकडे कुठे पडते आणि उजवीकडे कुठे पडते, ते पाहून डिश मध्यावर आणावी. उंचीचंही असंच करावं. शेवटी एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये थोडा थोडा फिरवून पाहावा. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत, कारण एकच नट आवळत गेलं की डिश त्या बाजूला ओढली जाते.

एलएनबीचं तोंडही जवळून पाहावं. उन्हाने त्याची प्लॅस्टिकची टोपी ठिसूळ होते, तडकते, आणि पावसाचं पाणी आत जातं. कधी टोपीवर कुंभारमाशी मातीचं घर बांधते. ते कोरडं असताना फारसं जाणवत नाही, ओलं झालं की सिग्नल अडतो. दुपारी चित्र जातं आणि दिवस कलल्यावर आपोआप येतं, असं रोज होत असेल, तर तापून काम सोडणारा एलएनबी किंवा उष्णतेने उघडणारा सांधा, या दोघांवर संशय घ्यावा.

पाऊस, वीज आणि जीव

जोरदार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं स्वाभाविक आहे. पावसाचे थेंब ११ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतात आणि विखुरतात. त्यासाठी काही दुरुस्त करू नये. पण रिमझिम पावसात, किंवा नुसतं आभाळ भरून आल्यावर चित्र जात असेल, तर क्वालिटी मर्यादेच्या काठावर आहे. कोरड्या दिवशी डिश नीट लावून घेतली की ही तक्रार जाते.

मे-जूनच्या वादळात मात्र गच्चीवर जाऊच नये. विजा चमकू लागल्या की बॉक्सचा प्लग आणि डिशची वायर, दोन्ही गडगडाट जवळ येण्याआधीच काढून ठेवावेत. ओल्या गच्चीवर, अंधारात किंवा कठड्यावर ओणवं होऊन काम करू नये. घराजवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी पाइप उभा करण्याआधी तो आडवा पडला तर कुठे पोचेल, हे पाहावं. तारेपर्यंत पोचत असेल तर ती जागा डिशसाठी नाही. वायर लावताना किंवा काढताना बॉक्स बंद असावा. आत थेट घरची वीज जाणारे जुने बॉक्स उघडू नयेत, कारण प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर झटका देऊ शकतो. टीव्ही संध्याकाळी पाहता आला नाही तरी चालतं. त्यासाठी जिवाला धोका पत्करू नये.

जे वायरीत नसतंच

सगळ्या वाहिन्या दिसतात आणि एकच गेली, तर गच्चीवर जाऊ नये. प्रसार भारती फ्री डिशवरच्या जागांचा ई-लिलाव करते आणि वर्षाच्या जागा १ एप्रिलपासून बदलतात. कुणी जागा सोडतं, कुणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जातं. बॉक्सच्या मेन्यूतून वाहिन्या पुन्हा शोधल्या की नवी यादी येते. काही जागा एमपेग-२ पद्धतीच्या आहेत, काही एमपेग-४च्या. जुना एमपेग-२ बॉक्स दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या दाखवूच शकत नाही. बॉक्स बदलण्याचं हे एक खरं कारण आहे.

दोन खोल्यांत दोन टीव्ही हवे असतील, तर केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर चालत नाही. तो बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतच्याच सिग्नलसाठी बनलेला असतो आणि एलएनबीची वीज त्यातून जाईलच असं नाही. दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर द्यावी.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी काम बिघाडाच्या दिवशी करायचं नसतं. चित्र उत्तम असताना, आभाळ निरभ्र असताना इन्स्टॉलेशनचं पान उघडावं आणि त्यावरचे आकडे कागदावर उतरवावेत : फ्रिक्वेन्सी, ध्रुवण, सिम्बॉल रेट, एलएनबीचा प्रकार, स्ट्रेंग्थ किती, क्वालिटी किती, तारीख. हा कागद बॉक्सच्या तळाला चिकटवावा. प्रत्येक बॉक्सची पट्टी वेगळी असते, म्हणून दुसऱ्याच्या घरचा आकडा उपयोगाचा नसतो, आपलाच लागतो. दर पावसाळ्याआधी तो पुन्हा पाहावा. क्वालिटी ७५वरून ५५वर आली असेल, तर पडदा अजून स्वच्छ आहे आणि दुरुस्तीला वेळही आहे. मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी, ऊन चढण्याआधी, पिन बदलून आणि नट आवळून हे काम उरकतं, आणि पुढचा पावसाळा निर्धास्त जातो.